दूध आणि दात

१

वसुबारस आली की मला माझी आजी आठवते, आणि आजी आठवली की तिने गाळलेला एक चरण आठवतो. हा लेख खरे म्हणजे त्या गाळलेल्या चरणाविषयी आहे. प्राणिशास्त्र, गोदाकाठचे जुने वाङ्मय आणि माडगूळकरांची एक कादंबरी यांच्याकडे मी त्या चरणाच्या वाटेनेच जाणार आहे. वाचकांनी एवढी मोकळीक मला द्यावी.

आमचे गाव गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. गंगाखेड हे जनाबाईचे जन्मस्थान. लहानपणीच ती पंढरपूरला दामाशेटींच्या घरी गेली आणि पुढे नामदेवाच्या घरची दासी म्हणूनच तिचा जन्म गेला. पण आमच्याकडच्या बायका तिच्याविषयी बोलतात त्या सासरी गेलेल्या लेकीविषयी बोलावे तशा. आजी तिला ‘आपली जनी’ म्हणे. पहाटे जात्यावर बसली की एकामागून एक जनीचे अभंग चालत आणि आम्ही नातवंडे अर्धवट झोपेत ते ऐकत पडून राहू.

त्यांत एक अभंग माझ्या विशेष आवडीचा होता. पिलांसाठी दूर चारा आणायला जाणारे पाखरू, आभाळात फिरता फिरता पिलांकडे झेपावणारी घार, हाताने काम करताना चित्त मात्र बाळापाशी ठेवणारी आई, आणि पोटाशी पिलू बांधून झाडांवर हिंडणारी वानरी, अशी चार चित्रे त्यात ओळीने येतात. तशीच विठ्ठल-माय आम्हांला वेळोवेळी पाहते, असा शेवट. अभंग प्रसिद्ध आहे. मारुती चितमपल्लींनी आपल्या एका पुस्तकाचे नाव त्याच्या पहिल्या चरणातूनच घेतले आहे.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमच्या मारुतीच्या देवळामागे चिंचेची जुनी झाडे होती आणि त्यांवर काळतोंड्या वानरांची एक टोळी असे. एका उन्हाळ्यात तिथे कुठूनसा नवा हुप्प्या आला. दोन दिवस झाडांवर नुसता दंगा चालला होता. जुना हुप्प्या रक्तबंबाळ होऊन नदीकडे निघून गेला आणि त्यानंतर आठवडाभरात टोळीतली तीन पिले मेली. नव्या हुप्प्यानेच ती मारली, असे शेतावरचे गडी सांगत. आजीला ते पटेना. मारुतीच्या अंगणात मारुतीच्याच जातीकडून असे घडेल कसे? पण एक वानरी आपले मेलेले पिलू घेऊन चार दिवस हिंडत होती. त्याला वास सुटला, माश्या घोंगावू लागल्या, तरी तिने ते सोडले नाही. आजीने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

त्यानंतर तो अभंग म्हणताना आजी घारीवरून आईवर येई आणि तिथून एकदम विठ्ठलावर जाई. वानरीचा चरण ती गाळू लागली. मी एकदा विचारले, तेव्हा जाते न थांबवता म्हणाली, “जनीनं हे बघितलं नसंल रं बाबा.”

टीकाकाराने विचारावा असा प्रश्न माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आला तो असा. साडेसहाशे वर्षे गायिलेला एक चरण एका उन्हाळ्यात म्हणवेनासा होतो, तेव्हा खोटे काय ठरलेले असते? तो चरण, की तो आपण ज्या रीतीने वाचत आलो ती रीत?

२

आधी थोडे शास्त्र पाहू. ते न पाहता या प्रश्नाला हात घालता येणार नाही.

वानर, गाय, वटवाघूळ, देवमासा आणि आपण या साऱ्यांना मराठीत ‘सस्तन’ म्हणतात. हा शब्द शाळेत इतका घोटून घेतला जातो की त्यामागे कोणाची तरी निवड आहे, हे ध्यानातच येत नाही. ही निवड स्वीडनच्या कार्ल लिनिअसने १७५८ साली, आपल्या वर्गीकरणाच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत केली. त्याआधी या वर्गाला ‘चतुष्पाद’ म्हणत. लिनिअसने चार पाय सोडून दिले आणि स्तन ही खूण धरली. वास्तविक दुसऱ्या खुणाही होत्या. अंगावरचे केस आहेत. खालच्या जबड्याचे दर बाजूला एकच हाड असणे आहे. कानातली तीन चिमुकली हाडे आहेत. मानेत सातच मणके असणे हीही जवळजवळ सार्वत्रिक खूण आहे. जिराफाच्या मानेत सात आणि उंदराच्या मानेतही सातच. यांतली कोणतीही खूण घेतली असती तरी वर्ग बहुतांशी तोच राहिला असता. मग दूधच का? लंडा शिबिंगर या अमेरिकन इतिहासकार बाईंनी दाखवून दिले आहे की, त्या काळी युरोपातल्या वरच्या वर्गातल्या स्त्रिया आपली मुले पगारी दाईंकडे दूध पिण्यासाठी देत, आणि लिनिअसने १७५२ साली या चालीविरुद्ध एक प्रबंधच लिहिला होता. आईनेच मुलाला पाजावे या आग्रहाला त्याने एका परीने सृष्टीच्या नामावळीत जागा करून दिली. शास्त्राच्या शब्दांतही रूपक दडलेले असते ते असे.

पण लिनिअस इथे थांबला नाही. वर्गाला नाव दिले दुधावरून. त्या वर्गाच्या आत जे आठ गण पाडले ते मात्र मुख्यतः दातांवरून. पटाशीचे दात किती, सुळे कसे, दाढा कशा, हे पाहून कोण कुठे बसतो ते त्याने ठरविले. मला ही गोष्ट फार अर्थपूर्ण वाटते. सस्तन प्राण्यांना एकत्र आणते ते दूध, आणि वेगळे करतात ते दात. मगरीच्या तोंडातले दात सारे साधारण एका घाटाचे असतात. गाय, लांडगा, उंदीर आणि वटवाघूळ यांच्या तोंडात डोकावले तर प्रत्येकाचा संसार, त्याची भूक आणि त्याचे हत्यार तिथे लिहिलेले दिसते.

आज सस्तन प्राण्यांच्या साडेसहा हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांत दर पाचांतल्या सुमारे दोन उंदीर-खारींच्या कुळातल्या आणि एकाहून थोड्या अधिक वटवाघळांच्या. वाघ, हत्ती, सिंह, घोडा ही आपल्या गोष्टींतली नामांकित मंडळी या गर्दीत मूठभर. दोन ग्रॅम वजनाचे वटवाघूळ आणि दीडशे टनांचा निळा देवमासा हे एकाच वर्गाचे सभासद आहेत. ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस तर अंडी घालतो आणि पिलांना दूधही देतो. पण त्याला स्तनाग्रे नसतात, दूध कातडीवरच पाझरते आणि पिले ते चाटतात. म्हणजे नीट पाहिले तर ‘सस्तन’ हा शब्द खुद्द सस्तनांनाही पुरा पडत नाही. ‘दुधाळ’ म्हटले असते तर तो अधिक नेमका झाला असता.

आमच्या परभणीकडे काही मोठे अरण्य नाही. काळी जमीन, तुरी-हरभऱ्याची शिवारे, जिंतूरकडचे माळ आणि गोदा, पूर्णा, दुधना यांचे काठ. तरी एवढ्यात वानर आहे, रोही आहे, काळवीट आहे, रानडुक्कर आहे, कोल्हा, खोकड, ससा, सायाळ, मुंगूस आहे. सांजेला वडावरून निघणारी मोठी वटवाघळे आहेत. आणि घराच्या उंबऱ्यापाशी भिंतीकडेने चालणारी, नावडती चिचुंद्री आहे. यांतल्या प्रत्येकाची आई आपल्या पिलाला दूध पाजते. आणि रोही, रानडुक्कर यांच्या दातांनी एका रात्रीत हरभरा गेलेला शेतकरीही याच शिवारात आहे.

३

आता वाङ्मयाकडे वळू. या विविधतेपैकी आमच्या गोदाकाठच्या वाङ्मयात काय उतरले?

सर्वांत जुनी म्हणजे हालाची गाथासप्तशती. तीतल्या एका गाथेत हरिणाची जोडी आहे. व्याधाच्या बाणापुढे दोघेही एकमेकाला वाचवण्यासाठी आलटून पालटून स्वतः आडवी येतात, आणि ते पाहून व्याधाच्या डोळ्यांतल्या पाण्याने धनुष्य भिजते, हातातून सुटते. त्यानंतर लीळाचरित्र. त्यातला ससा शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढून पळत येऊन चक्रधरांच्या आसऱ्याला शिरतो आणि वाचतो. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दात तिथे आहेत, बाण आहे, कुत्री आहेत. पण करुणेचा क्षण येतो आणि ते दात थबकतात. हिंसा नाकारलेली नाही, ती अडवलेली आहे.

संतवाङ्मयात मात्र दात जवळजवळ दिसेनासे होतात आणि दूध ओसंडते. गाय आणि वासरू, हरिणी आणि पाडस, पान्हा आणि तान्हे यांनी सारी भक्ती भरून गेली आहे. देव ही आई आणि भक्त हे तान्हे बाळ, हा या काव्याचा पाया. त्यात कासवीही येते. ती पिलांना नुसत्या दृष्टीने पोसते अशी समजूत. मला हे उदाहरण मोठे गमतीचे वाटते. कासवीला दूध नाही हे आपल्या पूर्वजांनी पाहिले होते. पण दुधावाचून आई ही कल्पनाच सोसवेना, म्हणून त्यांनी तिच्या डोळ्यांतून दूध पाझरविले!

दात गेले ते पंचतंत्राकडे. तिथे सिंह, कोल्हे, मांजरे, उंदीर सारे आहेत, पण ते दात माणसांचे. दमनक हा कोल्हा दरबारी मुत्सद्दी आहे. त्याला कोल्ह्यासारखी भूक लागत नाही आणि त्याच्या अंगाला कोल्ह्याचा वासही येत नाही. अशा रीतीने आपल्याकडे एक वाटणी होऊन बसली. पशूचे दूध भक्तीकडे गेले, दात नीतिकथेकडे गेले, आणि ज्याच्या एकाच तोंडात दूध पिणारी जीभ आणि दात दोन्ही असतात असा सबंध पशू कुणाकडेच गेला नाही. तो झाडावरच राहिला.

४

त्याला खाली आणले ते व्यंकटेश माडगूळकरांनी. १९८२ साली त्यांची ‘सत्तांतर’ ही कादंबरी आली आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वानरांची टोळी हाच तिचा विषय आणि वानरे हीच पात्रे. टोळीवर एका नराची सत्ता, बाहेर टपलेले नर, झुंज, जुन्याची हार, नव्याचा अंमल आणि पिलांची हत्या. आमच्या चिंचेवर झाले तेच.

पुस्तक मी पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या भोवतालच्या बहुतेकांनी ते राजकारणाचे रूपक म्हणून वाचले. नावही तसे, आणि आणीबाणी, निवडणुका, पक्षांतरे यांनी भरलेला काळही तसा. अजूनही वर्गात ते तसेच शिकविले जाते. मला हे वाचन चुकीचे वाटते. चुकीचेच नव्हे, तर अन्यायाचे. माडगूळकरांनी मोठ्या कष्टाने पंचतंत्राच्या हातून सोडवून आणलेला पशू आपण पुन्हा पंचतंत्राच्या स्वाधीन करतो. मंत्री म्हणजे वानर, हे कळण्यासाठी कादंबरीची गरज नाही. ‘सत्तांतर’ची मातबरी अशी की, तिच्यातला वानर हा वानरच आहे.

तो काय करतो आणि का करतो, हे मग विचारावेच लागते. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत धारवाडच्या रानात अशा टोळ्या पाहिल्या, आणि नवा नर आल्यावर पिले मारली जातात असे १९६५ साली प्रसिद्ध केले. पुढे सारा हर्डी या अमेरिकन बाईंनी अबूच्या पहाडावर १९७१ पासून हेच पाहिले आणि १९७७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. दाटीमुळे आलेली ती विकृती आहे, असे काही विद्वानांचे म्हणणे होते. हर्डीबाईंनी सांगितलेले कारण वेगळे होते. वानरी पिलाला पाजीत असते तोवर तिला पुन्हा गर्भ राहणे लांबते. पिलू दूर झाले की ती लवकर ऋतुमती होते. टोळीवरचा नराचा अंमल थोड्या वर्षांचा असतो. दुसऱ्याच्या पिलाचे दूध सुटेपर्यंत थांबणे त्याला परवडत नाही. पुढे १९९९ साली नेपाळातल्या रामनगरच्या वानरांच्या रक्तसंबंधांची तपासणी झाली, तेव्हा पिले मारणारे नर त्या पिलांचे बाप नव्हते, असेच आढळले.

वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. पिलू मारले जाते ते दुधापायी. ज्या दुधावरून सबंध वर्गाला नाव मिळाले, ज्या दुधावर आपली अर्धी भक्ती उभी आहे, त्याच दुधात पिलाच्या मरणाचे कारण आहे. दूध आणि दात हे दोन निराळे प्रांत नाहीत. ती एकाच देहाची एकमेकांत अडकलेली दोन कामे आहेत. माझ्या आजीला हे कोणी सांगितले नव्हते. पण वानरीचा चरण तिच्या गळ्यात अडकला तो नेमका इथेच.

‘सत्तांतर’चे हे ऋण मान्य करूनही तिच्याविषयी माझी एक तक्रार आहे. तिची नजर शीर्षकापासूनच नरांवर खिळलेली आहे. सत्ता ही नरांची, अंतरही नरांचेच. वास्तविक वानरांच्या टोळीत नर येतात आणि जातात. जन्मभर टिकून राहतात त्या माद्या. आई, लेक, मावशी, आजी यांची ती एक वाडी असते. पिलू जन्मले की पहिल्या दिवसापासून ते या हातातून त्या हातात जाते. आई चरायला गेली तर दुसरी ते सांभाळते. आणि नवा नर पिलावर धावून येतो तेव्हा त्याच्या आडव्या येणाऱ्यांत, हर्डीबाईंनी पाहिले त्याप्रमाणे, ज्यांचे स्वतःचे वय उलटून गेले आहे अशा म्हाताऱ्या माद्या सर्वांत पुढे असतात. त्यांच्या अंगी दूध नसते. असतात ते झिजलेले दात. ते घेऊन त्या तिप्पट ताकदीच्या नराच्या अंगावर जातात. या म्हाताऱ्यांकडून पाहिले असते, तर त्याच घटनेला ‘सत्तांतर’ म्हणवले असते का? त्यांच्या दृष्टीने तो वेढा आहे. माडगूळकरांच्या प्रतिभेला हे पेलले नसते असे मी म्हणणार नाही. त्यांनी तिकडे पुरेसे पाहिले नाही, एवढेच म्हणतो.

५

आता पुन्हा जनाबाई. तिने हे बघितले नसेल, असे आजी म्हणाली. मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटे. माडगूळकर वास्तववादी, जनाबाई भाविक. एकाने पाहिले, दुसरीने कल्पिले, अशी सोपी मांडणी मीही केली आहे आणि वर्गात शिकवलीही आहे. आज ती मला मागे घ्यायची आहे.

तो अभंग पुन्हा नीट वाचावा. त्यात चार आया आहेत: पाखरू, घार, माणूस, वानर. दोन अंडी घालणाऱ्या, दोन सस्तन. आणि चारांपैकी एकीच्याही बाबतीत दुधाचा शब्द नाही! संतकाव्यात पान्ह्याला तोटा नसताना जनीने इथे तो घेतलेला नाही. तिने घेतले आहे ते जाणे, झेपावणे, चित्त गुंतणे आणि बांधून घेणे. तिच्या वर्गीकरणाची खूण दूध ही नव्हे. अवधान ही आहे. म्हणून पाखरू आणि माणूस तिला एका ओळीत बसवता येतात. कासवीच्या डोळ्यांत दूध घालण्याची तिला गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दक्षिणेतल्या वैष्णवांत दोन न्याय सांगतात. मांजरी आपल्या पिलाला तोंडात धरून नेते, पिलू काही करीत नाही. हा मार्जारकिशोर न्याय. वानराचे पिलू मात्र स्वतः आईला घट्ट धरून असते. हा मर्कटकिशोर न्याय. भक्ताने देवाला धरायचे, की देवाने भक्ताला उचलायचे, हा त्यातला वाद. ज्याने वानरे पाहिली आहेत त्याला ठाऊक आहे की दुसरा न्याय शास्त्रशुद्ध आहे. वानरी पिलाला बांधीत नाही. जन्मल्या दिवसापासून पिलूच तिच्या पोटाच्या केसांत मुठी आवळून लोंबते. जनी म्हणते, वानरी पिलू पोटाशी बांधते. म्हणजे तिने उदाहरण वानराचे घेतले आणि काम मांजरीचे सांगितले. ही निरीक्षणातली चूक मानावी काय?

मला तसे वाटत नाही. जनी कोण आहे, ते आठवावे. ती दळते, कांडते, झाडते, शेणी वेचते. जिचे दोन्ही हात दिवसभर जात्याच्या खुंट्याला गुंतलेले आहेत, ती देवाला धरणार कशाने? मुठी आवळून देवाला लोंबकळणे हे रिकाम्या हातांच्या भक्तांना शक्य आहे. दासीला नाही. तिला बांधूनच घ्यावे लागेल. अभंगातली तिसरी आईही पाहा. तीही कामात गुंतलेली आहे. जनीने वानरीचा स्वभाव बदलला तो स्वतःच्या हातांकडे पाहून. पशूकडे न पाहण्याचा हा परिणाम नव्हे. पशूकडे आपल्या गरजेतून पाहण्याचा आहे, आणि कवितेला तेवढा अधिकार असतो.

इथवर मी आलो होतो, आणि लेख इथेच संपवावा असेही मनात होते. पण परवा वसुबारसेच्या तयारीत घरातले जुने जाते कोपऱ्यातून बाहेर काढले, त्या वेळी ती चिंचेखालची वानरी पुन्हा डोळ्यांपुढे आली, आणि साठ वर्षांत जे सुचले नव्हते ते सुचले. जिवंत पिलू आईला धरते. मेलेल्या पिलाच्या मुठी सुटलेल्या असतात. ते धरू शकत नाही. त्या चार दिवसांत ती वानरी एक हात पोटाशी दुमडून, तीन पायांवर लंगडत फांद्यांवरून चालत होती. मला ते लख्ख आठवते. ती चालते कशी, याचेच आम्हां मुलांना नवल वाटे. त्या चार दिवसांत पिलाने आईला धरले नव्हते. आईने पिलाला धरले होते. जिवंत पिलाच्या बाबतीत जो चरण शास्त्राला सोडून होता, तो त्या मेलेल्या पिलाच्या बाबतीत अक्षरशः खरा होता.

आजीने चरण गाळला तो त्याच आठवड्यात. जनीने हे बघितले होते की नाही, ते सांगायला आधार नाही. पण आज आजी असती तर मी तिला एवढेच म्हटले असते की, आजी, तो चरण म्हण. दात आहेतच, ते नाहीत असे जनीने कुठे म्हटले नाही. सुटलेल्या मुठीला कोण धरते, एवढेच ती सांगते.